बापाची गाडी वेगळी पळवा

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या सोसायटीत 8 ते 14 वयाची 25-30 मुलं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी गाड्या बनवून पळवाव्यात, काहीतरी बांधावं, अशा स्पर्धा घ्यायचा विचार आहे. मदतीला चार-पाच पालक, वर्गणी बेताची. एक दिवस पुरेल का? आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, एक दिवस पुरणार नाही. पळवायला अर्धा दिवस भरपूर होतो, पण बनवायला दोन सकाळी लागतात आणि त्या दोन सकाळींवरच सगळं अवलंबून असतं. बहुतेक मंडळं उलटं करतात. शर्यतीच्या दिवशी मंडप, माइक, ट्रॉफ्या, पाहुणे असा सगळा थाट असतो आणि बनवणं मात्र मुलांच्या घरावर सोडून देतात. मीही तेच केलं होतं, म्हणून सांगतो.

नंदनवन भागात मी अठरा वर्षं मुलांचा गट चालवतोय. पहिल्या वर्षी प्रत्येकाला लाकडाचा ठोकळा आणि चार चाकं दिली आणि म्हटलं, पंधरा दिवसांनी गाडी घेऊन या. आल्या. त्यातल्या सात-आठ गाड्या बघूनच कळत होतं की यांना पोरांचा हात लागलेला नाही. एकीची चाकं लेथवर कातलेली होती. पोराला विचारलं, चाक कसं बसवलं रे? म्हणतो, "ते बाबांले माहीत." त्याच्या शेजारी चौथीतली एक मुलगी उभी होती. तिची गाडी खरोखर तिचीच होती, हे फेविकॉलच्या ओघळांवरून दिसत होतं. पहिल्याच फेरीत मागचं चाक निखळलं आणि आमच्या नियमाप्रमाणे ती बाद झाली. उरलेले अडीच तास ती पायरीवर बसून वेफर्स खात होती. पुढच्या वर्षी ती आली नाही, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या. गाडी सगळ्यांनी एका जागी बसून, एकसारख्या सामानातून बनवायची. घरी न्यायची नाही. आणि कोणीही बाद व्हायचं नाही.

बापांची हौस मात्र मारू नका. ती मारली की ती पोराच्या गाडीत शिरते. शेवटी "पालक खुला गट" ठेवा, त्यात ज्याला लेथ चालवायचा त्यानं चालवावा. आमच्याकडे या गटात सर्वांत जास्त आरडाओरडा होतो, आणि गेली तीन वर्षं एक आजी जिंकतायत.

या खेळाचं मूळ अमेरिकेतलं. 1953 साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथं डॉन मर्फी नावाच्या कबमास्टरनं, म्हणजे छोट्या स्काउटांच्या गटप्रमुखानं, लाकडी ठोकळ्यांच्या छोट्या गाड्यांची शर्यत सुरू केली. त्याचा मुलगा दहा वर्षांचा होता. स्वतः आत बसून उतारावरून पळवायच्या मोठ्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी तो लहान पडत होता, म्हणून बापानं हातात मावेल अशी गाडी शोधून काढली. सात इंचांचा ठोकळा, वजन पाच औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे 142 ग्रॅम. तिकडे कब स्काउटांत ही शर्यत आजही होते. आणि बापाच्या गाडीची तक्रार तिकडेही जुनीच आहे.

आपल्याला रेसिंग कारच बनवायला पाहिजे असं काही नाही. नागपुरातल्या पोरांना चाकांवरचा लाकडी प्राणी काही नवा नाही. तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ते चाकांचा नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. आम्ही चौथ्या वर्षी गाडीच्या पाटावर पुठ्ठ्याचा आणि कागदाच्या लगद्याचा बैल बसवायला सांगितलं, आणि स्पर्धेचा रंगच बदलला. ज्यांना वेगात रस नव्हता ती पोरं झूल आणि शिंगांत रमली. सुटायच्या आधी प्रत्येक जण आपल्या बैलाच्या नावानं झडती, म्हणजे पोळ्याला म्हणतात तसलं यमकातलं कवन, म्हणतो, स्वतः रचलेली. शिवी सोडून काहीही चालतं. तुमच्याकडे दिवाळीत होईल, पण एक वर्ष जमलं तर तान्हा पोळ्याच्या आसपासचा रविवार धरून बघा. तेव्हा पावसाची धास्ती असते, म्हणून वर छत हवं.

आता ट्रॅक. तुमचा मोठा खर्च हाच, आणि तो एकदाच. 12 मिलिमीटर जाडीची, आठ बाय चार फुटांची प्लायची एक शीट घ्या. लकडगंजात आरा मशीनवर तिच्या एक-एक फूट रुंदीच्या चार पट्ट्या कापून मागा. जोडल्या की 32 फुटांचा ट्रॅक होतो. एक फुटाच्या रुंदीत प्रत्येकी दहा सेंटिमीटरच्या तीन रांगा बसतात. प्रत्येक रांगेच्या मधोमध साडेतीन सेंटिमीटर रुंदीची, 6 मिलिमीटर प्लायची पट्टी फेविकॉलनं चिकटवा आणि बारीक चुका मारा. गाडी या पट्टीच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून पळते, त्यामुळे रांग सोडत नाही. चुकेचं डोकं वर राहिलं तर गाडी तिथंच उडते, म्हणून शेवटी तळहात नव्हे, जुनी ओढणी फिरवून बघा. जिथं अडकेल तिथं हातोडी.

पहिल्या पट्टीचं सुरुवातीचं टोक टेबलावर स्टूल ठेवून साधारण चार फूट उंच करा, दुसरी तिथून हळूहळू खाली आणा, उरलेल्या दोन जमिनीवर सपाट. जोडाखाली दोन्ही पट्ट्यांना धरणारी एक फळी स्क्रूनं कसा आणि वरून रुंद सेलोटेप लावा. ट्रॅक बिघडतो तो जोडांवरच. एका जोडाला दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी मधल्या रांगेतली गाडी दर वेळी तिथं थबकते आणि पोरं म्हणतात, आमचा नंबरच वाईट. सुरुवातीला बिजागरीवर खाली पडणारी एक पट्टी लावा, म्हणजे तिघं एकाच क्षणी सुटतात. हातानं सोडू नका. हात कधीच एकसारखे सुटत नाहीत. शेवटी जुनी उशी.

गाडीचं सामान असं: 18 सेंटिमीटर लांब, साडेचार सेंटिमीटर रुंद आणि 18 मिलिमीटर जाड पाट. चार सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची चाकं, शाळेच्या प्रोजेक्टसाठी मिळतात तीच. आसासाठी सायकलचे स्पोक, सायकलवाल्याकडे जुने पडलेले असतात. आणि दोन्हीकडे एकेक वायसर, म्हणजे वॉशर. पाटाला आडवी भोकं मात्र मोठ्यांनी ड्रिलनं पाडून ठेवायची, सगळ्या पाटांना एकाच साच्यावरून. कारण दोन आस एकमेकांना समांतर नसतील तर गाडी मधल्या पट्टीला घासत जाते, आणि आठ वर्षांच्या पोरानं कितीही मेहनत घेतली तरी ती चूक त्याला दुरुस्त करता येत नाही. उरलेलं सगळं त्यांचं: घासणं, चाकं बसवणं, वजन लावणं, बैल घडवणं, रंगवणं.

पहिल्या सकाळी घासणं आणि चाकं. पाटाचे कोपरे पॉलिश पेपरनं उतरवायचे, स्पोकवरचा गंज आणि कापलेल्या टोकाची धार घालवायची. मग सहा-बीची पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून तिची काळी भुकटी भोकात भरायची. घरचं खोबरेल कोणीतरी आणतंच. घालू देऊ नका. लाकूड तेल पितं, धूळ धरतं आणि शर्यतीच्या दिवशी आस जड फिरतो. पेन्सिलीची भुकटी कोरडी राहते. चाकाला बोटानं टिचकी मारायची आणि किती वेळ फिरतं ते मोठ्यानं मोजायचं. आमच्याकडे एका पोट्ट्याचं चाक तीन अंकांत थांबायचं. त्यानं वायसर काढून बघितलं तर त्याला बारीक कंगोरा होता. फरशीवर घासला, परत बसवलं, अकरा अंक. मग तो अख्ख्या हॉलभर लोकांचे वायसर तपासत फिरला. त्या दिवशी मी त्याला दुसरं काही काम सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी बैल आणि वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा, मर्यादा 200 ग्रॅम ठेवा. वजन वाढवायला नट आणि वायसर चालतील. शिशाचे गोळे कोणाच्या घरी असले तरी नको, शिसं मुलांच्या हातात देण्याची चीज नाही. वजन कुठं लावायचं हा यातला खरा गमतीचा भाग. मागे लावलं तर सुटताना ते उतारावर जास्त उंच असतं, म्हणजे खाली येताना गाडीला जास्त ओढ मिळते. पण अगदी मागे नेलं की पुढची चाकं हलकी होऊन डगमगतात आणि सगळा फायदा पट्टीला घासण्यात जातो. हे सांगू नका. नट दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावायला द्या, ट्रॅक मोकळा सोडा, त्यांचं त्यांना सापडू द्या. मोठी पोरं हमखास विचारतात, जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगानं पडते असं पुस्तकात आहे, मग जड गाडी का जिंकते? इथं हवा आणि आसाचं घासणं आहे. हवेचा विरोध दोघींना साधारण सारखाच होतो, पण हलक्या गाडीला तो जास्त जाचतो. हे उत्तर विचारल्यावरच द्यायचं.

एक नियम आधीच लिहून लावा: पाटाच्या पुढे काहीही निघता कामा नये. एका वर्षी एकानं बैलाची शिंगं दहा सेंटिमीटर पुढे काढली. सुरुवातीच्या पट्टीला पाट टेकलेला, शिंगं तिच्यावरून पुढे, आणि शेवटच्या रेषेवर शिंग आधी पोचलं. नाक आधी की शिंग आधी यावर अर्धा तास पंचायत बसली. त्याचं डोकं मात्र मानलं पाहिजे, म्हणून त्याला बक्षीस दिलं आणि पुढच्या वर्षी नियम केला.

आता फेऱ्या कशा लावायच्या. बाद पद्धत विसरा. 27 मुलं आणि तीन रांगा असतील तर 27 फेऱ्या होतात आणि प्रत्येक जण तीनदा पळतो, प्रत्येक रांगेतून एकदा. मुलांना 1 ते 27 क्रमांक द्या. पहिल्या फेरीत 1, 2 आणि 5. दुसऱ्या फेरीत 2, 3 आणि 6. तिसऱ्यात 3, 4 आणि 7. असा प्रत्येक फेरीला तिन्ही आकड्यांत एक मिळवत जा, 27 नंतर परत 1. पहिला आकडा नेहमी डाव्या रांगेत, दुसरा मधल्या, तिसरा उजव्या. यात तीच दोन मुलं पुन्हा समोरासमोर येत नाहीत आणि "माझी रांगच खराब होती" ही ओरड बंद होते. नऊ किंवा त्याहून जास्त कितीही मुलं असली तरी हाच तक्ता चालतो. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 गुण. फेरीला दोन मिनिटं धरली तरी तासाभरात आटोपतं. चाक निखळलं तर गाडी "गॅरेज"मध्ये, म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावर, आणि राहिलेली फेरी शेवटी. शेवटच्या रेषेवर स्टुलाला टेकवून मोबाइल ठेवा, स्लो-मोशनवर. वाद झाला तर व्हिडिओ एकदाच बघायचा. दोनदा दाखवला की लोक तिसऱ्यांदा मागतात.

तेरा-चौदाच्या पोरांना ही सगळी "छोट्यांची भानगड" वाटते. त्यांना गॅरेज, काटा, गुणफलक आणि सुटण्याची पट्टी सोपवा. त्यांची गाडीही पळते, पण मान त्यांना पंच म्हणून मिळतो. मुलींचा वेगळा गट करू नका, काहीच कारण नाही.

आठ-नऊ वर्षांच्यांसाठी होड्या जास्त बऱ्या. सहा इंची पीव्हीसी पाइपाचा दहा फुटी तुकडा प्लंबरकडून उभा चिरून घ्या, दोन पन्हळी मिळतात. टोकं बंद करून पाणी भरायचं आणि थर्मोकोलची, कागदी शिडाची होडी फुंकर मारत शेवटपर्यंत न्यायची. होडी कलंडते, म्हणून पोटाखाली एक खिळा खुपसायला सांगा. फुंकून फुंकून पोरांना गरगरतं, तेव्हा एका मुलाला एका वेळी एकच खेप. आमच्या एका उत्साही काकाजींनी लागोपाठ चार खेपा केल्या आणि त्यांना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. त्यानंतर आम्ही फुंकरीऐवजी पुठ्ठ्याचे पंखे दिले. शिडाच्या गाड्या करायच्या असतील तर दिवाळीत अडगळीत ढकललेला कूलर बाहेर काढा, पाण्याचा पंप बंद ठेवा, जाळी नीट बसलेली बघा आणि त्याच्या वाऱ्यावर गाड्या सोडा. नागपूरकराला कूलरचं थंडीतलं हे काम बघून फार आनंद होतो.

बांधण्याच्या स्पर्धेसाठी किल्ला सगळ्यांना आठवतो. तो कराच, पण त्याचं मोजमाप होत नाही आणि मग निकाल परीक्षकाच्या आवडीवर जातो. मला पूल आवडतो. चौघांचा गट, वीस वर्तमानपत्रं, एक टेप, तास-दीड तास. दोन खुर्च्यांमध्ये 60 सेंटिमीटर अंतर ठेवायचं आणि त्यावर पूल टाकायचा. भार म्हणून संत्री. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतात, साधारण एका आकाराची निवडून घ्या, पुलाला टोपली लटकवा आणि एक-एक घालत जा, सगळ्यांनी मिळून मोजत. पहिल्या गटाचा पूल बहुधा नऊ-दहा संत्र्यांत बसतो, कारण ते कागद पसरून थर देतात. मग कोणीतरी कोपऱ्यापासून तिरका घट्ट गुंडाळून नळी करतो, आणि कोणीतरी चौकटीत आडवी नळी घालून त्रिकोण करतो. आमच्याकडचा विक्रम 41 चा आहे. बेचाळिसावं ठेवताना टोपलीची कडी तुटली. पूल तसाच उभा होता, त्यामुळे त्या गटाला तो निकाल आजही मान्य नाही. नंतर संत्री खायची. हा भाग वेळापत्रकात लिहायची गरज नसते.

दुसरी आमची लाडकी स्पर्धा म्हणजे पापड. इतरत्र अंडं वरून टाकतात, पण अर्ध्या घरांत अंडं चालत नाही. म्हणून भाजलेला पापड. तो पुठ्ठा, सुतळी, जुने मोजे, कूलरची वुडवूल यांत बांधून दुसऱ्या मजल्यावरून सोडायचा. अखंड राहिला तो गट जिंकला. हे पावसाळ्यात करू नका. एकदा श्रावणात केलं तर सगळे पापड सादळून कातड्यासारखे झाले आणि बाराच्या बारा गट जिंकले.

बेरिंगच्या गाड्या, म्हणजे फळीला बेरिंगची चाकं लावून वर बसून पळवायच्या? तुमच्यापैकी कोणी बाबा हा विषय काढणारच, आम्ही लहानपणी बनवायचो म्हणून. माझं मत विरोधात आहे. उतार हवा म्हणून मग लोक सेमिनरी हिल्सच्या रस्त्याकडे बघतात, आणि तिथं वाहनं असतात. सोसायटीच्या बंद आवारात, सपाटीवर, एकानं ढकलायची आणि एकानं चालवायची अशी बारा वर्षांपुढच्यांना देता येईल. ब्रेक आणि हेल्मेट असेल तरच. छोट्यांना फ्रिजच्या खोक्याचा तळ काढून, खांद्याला सुतळीनं अडकवून, अंगात घालून पळू द्या. पडले तरी पुठ्ठ्यावर पडतात.

करवत, ड्रिल आणि ग्लू गनपाशी एक मोठा माणूस, आणि त्यानं दुसरं काहीही करायचं नाही. फोटोसुद्धा काढायचे नाहीत. आमच्याकडे आजवर जी एकमेव जखम झाली ती एका वडिलांना, सेल्फी घेताना ग्लू गनमुळे.

बक्षिसांत रोख रक्कम नको. पहिल्या तिघांना द्या, पण त्याहून जास्त बक्षिसं वेगापलीकडची ठेवा: सर्वांत देखणी झूल, सर्वांत मोठी दुरुस्ती, सर्वांत चांगली झडती, आणि सर्वांत हळू पण पोचलेला बैल. हे शेवटचं बक्षीस मिळवायला आमच्याकडे पोरं मुद्दाम प्रयत्न करतात, आणि थांबू न देता हळू पळवणं जोरात पळवण्याइतकंच अवघड आहे.

तारखेचं म्हणाल तर भाऊबीजेनंतर लगेच ठेवू नका, निम्मी मुलं गावाला असतात. सुट्टीचा शेवटचा आठवडा बरा. शनिवार-रविवार सकाळी बनवणं आणि पुढच्या रविवारी शर्यत. मधल्या आठवड्यात गाड्या तुमच्या ताब्यात ठेवा, कुलपात. शब्द देऊन बाबा लोक ऐकत नाहीत.

या वर्षी प्लायचा खर्च जमत नसेल तर आमचा ट्रॅक घेऊन जा, डिसेंबरपर्यंत मोकळाच आहे. जिन्याखाली उभा ठेवलाय. आडवा ठेवला की पट्ट्यांना पोक येतो, तुमचा झाला की तुम्हीही उभाच ठेवा. पट्ट्या आठ फुटी आहेत, छोटा हत्ती (टेम्पो) करावा लागेल. चौथी पट्टी एका पावसाळ्यात थोडी वाकलीय, तिच्यावर खडूनं फुली केली आहे. ती शेवटी, उशीच्या बाजूला लावा.